विश्लेषण : घरच्याच सर्व्हरवर घरचेच ‘परके’ का ठरतात? फाइलींचा मालक ‘नोबडी’ कोण?

घरातले फोटो, जमिनीची कागदपत्रे, दुकानाचे हिशेब एकाच जागी राहावेत म्हणून अनेक जण घरातच छोटा फाइल सर्व्हर मांडतात. काही महिने सगळे सुरळीत चालते. मग एक दिवस आपणच ठेवलेली फाइल उघडत नाही किंवा उघडली तरी साठवता येत नाही. मालकाच्या जागी ‘नोबडी’ असे नाव दिसते, नाही तर नुसताच एक आकडा. डिस्क खराब झालेली नसते, व्हायरस नसतो, पासवर्डही बरोबर असतो. बिघाड असतो तो लॅपटॉप आणि सर्व्हर यांच्यात माणसांची ओळख जुळण्यात.

घरात सर्व्हर हवाच कशाला?

गुगल फोटोजमधील अमर्याद मोफत साठवण १ जून २०२१ पासून बंद झाली. तेव्हापासून फोटो, मेल आणि ड्राइव्ह मिळून १५ जीबी एवढीच मोफत जागा उरली. एका लग्नाचे फोटो आणि चित्रफिती एवढ्या जागेत मावत नाहीत. त्यामुळे जुना डेस्कटॉप, रास्पबेरी पाय किंवा सिनॉलॉजी, क्यूनॅप यांसारख्या कंपन्यांचा दोन डिस्कचा डबा राउटरशेजारी ठेवण्याकडे कल वाढला. इंटरनेट गेले तरी घरातल्या घरात फाइली मिळत राहतात, हा आणखी एक फायदा. इगतपुरी तालुक्यासारख्या धुवाधार पावसाच्या भागात तो विशेष जाणवतो.

उदाहरणादाखल मुंबई-आग्रा महामार्गावरील घोटी गावातले एखादे घर घेऊ. घोटी ही भाताची बाजारपेठ, भातगिरण्यांचे गाव. समजा, घरात धान्याचा व्यापार आहे. थोरल्या मुलाने जुन्या डेस्कटॉपवर लिनक्स टाकून सर्व्हर उभा केला. त्यावर आधी स्वतःचे खाते उघडले, मग वडिलांचे. वडिलांच्या फोल्डरमध्ये जीएसटीची बिले, उधारीच्या नोंदी, सातबाऱ्याच्या प्रती. नाशिकला शिकणाऱ्या मुलीच्या लॅपटॉपवरही लिनक्स. सुट्टीत घरी आली की तिचे फोटो आणि प्रकल्पाच्या फाइली सर्व्हरवर जातात. वर्षभर कुणाचीच तक्रार नाही. मग मुलीने नवा लॅपटॉप घेतला. दुकानदाराने चाचणीसाठी आधी एक खाते उघडले होते, त्यानंतर तिचे उघडले. घरी येऊन पाहते तो स्वतःच्या फोल्डरमध्ये लिहिता येत नाही आणि वडिलांच्या हिशेबाच्या फाइली मात्र बिनदिक्कत उघडतात.

हे झाले कसे?

लिनक्स आणि त्याच्या जातकुळीतल्या सगळ्या यंत्रणा माणसाला नावाने ओळखत नाहीत, क्रमांकाने ओळखतात. १९७० च्या दशकातील युनिक्सपासूनची ही रीत आहे. फाइलीवर मालक म्हणून जे नोंदले जाते ते ‘ताई’ किंवा ‘बाबा’ नसते, १००० किंवा १००१ असा युजर क्रमांक असतो. पडद्यावर नाव दिसते ते त्या त्या यंत्राने आपल्या यादीत क्रमांक शोधून दाखवलेले असते. ही यादी प्रत्येक यंत्राची स्वतंत्र असते.

पिठाच्या गिरणीत डब्यावर १२ क्रमांकाची चिठ्ठी लावतात, तसेच हे. त्या गिरणीपुरता तो क्रमांक चोख असतो. पलीकडच्या गल्लीतल्या गिरणीत हीच चिठ्ठी दाखवली तर दुसऱ्याच कुणाचे पीठ हाती येईल आणि गिरणीवाल्याची त्यात काही चूक नसेल.

आताच्या बहुतेक लिनक्स यंत्रणांत पहिल्या माणसाला १००० आणि दुसऱ्याला १००१ क्रमांक मिळतो. मॅकवर पहिला युजर ५०१ असतो. रेड हॅट घराण्यातील जुन्या आवृत्त्या ५०० पासून मोजत. सिनॉलॉजीच्या डब्यावर घरच्यांची मोजणी साधारण १०२६ पासून सुरू होते. सर्वाधिकार असलेला ‘रूट’ मात्र सगळीकडे ०.

आता घोटीच्या घरात काय झाले ते उलगडते. सर्व्हरवर भाऊ १००० आणि वडील १००१. बहिणीच्या जुन्या लॅपटॉपवर ती पहिलीच युजर, म्हणून १०००. सर्व्हरच्या लेखी वर्षभर ती भाऊच होती. तिच्या सगळ्या फाइली भावाच्या नावावर चढत होत्या आणि भावाच्या फाइली तिला खुल्या होत्या. कुणाला काही अडले नाही म्हणून कुणाच्या लक्षात आले नाही. नव्या लॅपटॉपवर दुकानदाराचे खाते १००० झाले, ती १००१ झाली आणि सर्व्हरने तिला वडील समजायला सुरुवात केली. बिघाड त्या दिवशी झालेला नाही, तो पहिल्या दिवसापासून होता. अशा तक्रारींत ‘कालपर्यंत चालत होते’ या वाक्यावर फार विसंबू नये ते यामुळे.

सर्व्हर एवढा विश्वास ठेवतोच का?

लिनक्स यंत्रांमध्ये फाइली वाटून घेण्यासाठी सर्रास वापरली जाणारी पद्धत म्हणजे नेटवर्क फाइल सिस्टीम, अर्थात एनएफएस. सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकी कंपनीने ती १९८४-८५ मध्ये आणली. १९८२ साली ही कंपनी स्थापन करणाऱ्या चौघांपैकी विनोद खोसला यांचा जन्म पुण्याचा. त्या काळी एका कार्यालयातील सगळी यंत्रे एकाच व्यवस्थापकाच्या ताब्यात असत. माणसांची यादी एकाच ठिकाणी ठेवून सगळ्या यंत्रांना वाटण्याची सोयही सनने केली होती. तिचे नाव ‘यलो पेजेस’. ब्रिटिश टेलिकॉमकडे या नावाचा ट्रेडमार्क असल्याने ते पुढे बदलावे लागले.

त्यामुळे समोरच्या यंत्राने ‘मी १००१’ असे सांगितले की सर्व्हरने ते मानायचे, ही रचना तेव्हा गैर नव्हती. घरात तसा व्यवस्थापक नसतो. प्रत्येक लॅपटॉप आपापली मोजणी करतो, पण सर्व्हरचा विश्वास मात्र १९८४ सालचाच राहतो. पासवर्ड विचारला जातो तो लॅपटॉपवर. सर्व्हरपर्यंत पोहोचतो तो फक्त क्रमांक.

एकाच बाबतीत सर्व्हर साशंक असतो. ० क्रमांकाचा, म्हणजे ‘रूट’चा दावा तो सहसा मानत नाही. अशा माणसाला तो ६५५३४ हा क्रमांक देतो आणि त्याचेच नाव ‘नोबडी’, म्हणजे कुणीच नाही. ‘रूट स्क्वॉश’ म्हणतात ते हेच. लॅपटॉपवर ‘सुडो’ लावून सर्व्हरवर काही लिहायला जावे तर एकतर नकार मिळतो, नाही तर फाइल ‘नोबडी’च्या मालकीची होते. घरचा कर्ता म्हणून गेलेल्या माणसाला अनोळखी पाहुण्याची वागणूक मिळते ती मुद्दाम.

नव्या आवृत्तीत नावे आली, तरी घोळ का?

एनएफएसच्या चौथ्या आवृत्तीत क्रमांकाऐवजी नाव पाठवण्याची सोय झाली. ‘ताई@घर.लोकल’ अशा स्वरूपात मालकाचे नाव जाते आणि पलीकडे ‘आयडीमॅप’ नावाचा दुभाषा त्याचे आपल्या यादीतील क्रमांकात रूपांतर करतो. अट एकच, @ नंतरचा भाग, म्हणजे डोमेन, दोन्ही यंत्रांवर अक्षरशः एक असला पाहिजे. तो जुळला नाही की दुभाषा हात वर करतो आणि सगळ्या फाइली ‘नोबडी’च्या दिसू लागतात.

डोमेन आपण स्वतः लिहून ठेवले नसेल तर यंत्र ते नेटवर्कच्या नावावरून अंदाजाने ठरवते. इंटरनेट कंपनी बदलली, नवा राउटर आला, त्याने घरच्या नेटवर्कला वेगळे नाव दिले, की काल जुळणारे आज जुळत नाही. वीज गेल्यावर सर्व्हर आधी सुरू झाला आणि राउटर नंतर, तरीही हे होऊ शकते. उपाय सोपा आहे. ‘आयडीमॅप’च्या सेटिंग फाइलमध्ये ‘डोमेन’ची ओळ दोन्हीकडे हाताने लिहावी, म्हणजे अंदाजाचा प्रश्न उरत नाही.

मात्र इथेच सर्वाधिक वेळ वाया जातो. डोमेन जुळवले, नावे बरोबर दिसू लागली, तरी लिहायला गेले की पुन्हा नकार. याचे कारण, नाव दिसणे आणि हक्क मिळणे या दोन वेगळ्या वाटा आहेत. दुभाषा फक्त मालकाचे नाव दाखवण्याच्या आणि मालक बदलण्याच्या कामी येतो. ‘या माणसाला लिहू द्यायचे का’ हे ठरवताना, घरोघरी असते त्या साध्या सुरक्षेच्या पद्धतीत, सर्व्हर आजही लॅपटॉपने पाठवलेला क्रमांकच पाहतो. भरीस भर म्हणजे गेल्या दशकभरापासून लिनक्स या साध्या पद्धतीत दुभाष्याला बाजूला ठेवून नावाच्या जागीही क्रमांकच पाठवते. त्यामुळे दुभाष्याच्या सेटिंगमध्ये तासन् तास घालवूनही काहीच फरक पडला नाही, असा अनुभव येऊ शकतो. तो दुभाषा कामावरच नसतो.

निदान कुठून सुरू करावे?

नावे बाजूला ठेवून क्रमांक पाहण्यापासून. लॅपटॉपवर आणि सर्व्हरवर टर्मिनल उघडून ‘आयडी’ ही दोन अक्षरांची आज्ञा द्यावी. आपला युजर क्रमांक आणि आपण ज्या गटांत आहोत त्यांचे क्रमांक दिसतात. मग फाइलींची यादी दाखवणाऱ्या ‘एलएस’ या आज्ञेला ‘-एलएन’ जोडून तीच फाइल दोन्हीकडून पाहावी. आता मालकाच्या जागी नावाऐवजी क्रमांक येतो. हे चार आकडे कागदावर लिहिले की बहुतेक वेळा उत्तर समोर असते.

फाइलीवर नुसता आकडा दिसत असेल, जसे ५०१, तर त्या क्रमांकाचा माणूस या यंत्राच्या यादीत नाही. ती मॅकवरून आलेली असण्याची शक्यता मोठी. भलत्याच घरच्या माणसाचे नाव दिसत असेल तर दोघांचा क्रमांक एकच आहे. सगळ्याच फाइली ‘नोबडी’च्या असतील तर डोमेन तपासावे. मोजक्याच फाइली तशा असतील तर त्या कुणीतरी ‘सुडो’ लावून ठेवल्या असाव्यात. सर्व्हर एखाद्या कंटेनरमध्ये चालवला असेल तर आणखी एक गंमत असते. प्रॉक्समॉक्ससारख्या प्रणालीत कंटेनरमधला १००० बाहेरून १०१००० असतो, कारण प्रत्येक क्रमांकात एक लाख मिळवलेले असतात. ज्याचा ताळा लागत नाही तो इथेही ‘नोबडी’च.

दोन गोष्टींमुळे बरोबर केलेली दुरुस्तीही चुकीची वाटते. दुभाषा एकदा सापडलेली जोडी साधारण दहा मिनिटे लक्षात ठेवतो, म्हणून डोमेन सुधारल्यावर ‘एनएफएसआयडीमॅप’ या आज्ञेला ‘-सी’ जोडून ती स्मृती पुसावी किंवा शेअर काढून पुन्हा जोडावा. दुसरे, एखाद्याला नव्या गटात घातले तर त्याने लॉग-आउट करून परत येईपर्यंत तो गट लागू होत नाही. आणि फाइलीची परवानगी ठीक असूनही नकार येत असेल तर तिच्या वरच्या फोल्डरांकडे पाहावे. माडीवरच्या खोलीची किल्ली असली तरी वाड्याचा दिंडी दरवाजा बंद असेल तर उपयोग नाही.

दुरुस्ती करताना काय सांभाळावे?

सर्वांत टिकाऊ उपाय म्हणजे घराची एकच यादी. भाऊ १०००, वडील १००१, बहीण १००२, आई १००३ असे ठरवून ते प्रत्येक लिनक्स यंत्रावर तसेच ठेवायचे. नव्या लॅपटॉपवर खाते उघडतानाच क्रमांक देता येतो, तेव्हा हे मिनिटाचे काम असते. जुन्या खात्याचा क्रमांक ‘युजरमॉड’ या आज्ञेने बदलता येतो. त्या वेळी तो माणूस लॉग-इन नसावा. ही आज्ञा त्याच्या होम फोल्डरमधील फाइलींची मालकी आपोआप बदलते. बाहेर ठेवलेल्या फाइली मात्र जुन्याच क्रमांकावर राहतात.

सर्व्हरवरील फाइलींचे मालक बदलण्याची ‘चोन’ ही आज्ञा सर्व्हरवरच द्यावी. लॅपटॉपवरून दिली तर रूट स्क्वॉश ती अडवतो. त्याआधी बॅकअप घ्यावा, हे सांगण्याची गरज नाही असे वाटते, पण आहे. संपूर्ण डिस्कवर एकदम ही आज्ञा चालवली की कोणती फाइल कुणाची होती ही माहितीच पुसली जाते आणि ती परत मिळवण्याचा मार्ग नसतो. घोटीच्या घरात तर बहीण-भावाच्या फाइली आधीच एकाच १००० क्रमांकाखाली मिसळल्या आहेत. त्या क्रमांकावरून वेगळ्या होणार नाहीत, फोल्डर पाहूनच कराव्या लागतील. नवा लॅपटॉप आल्यानंतर तिने काही लिहिले असेल तर ते १००१ वर, म्हणजे वडिलांच्या नावावर गेले असेल, तेही शोधावे लागेल.

दोघांच्या क्रमांकांची अदलाबदल करायची असेल तर तिसरा, कुणाचाच नसलेला क्रमांक मध्ये वापरावा लागतो. दोन पातेल्यांतले दूध आणि ताक बदलायला तिसरे पातेले लागते तसे. थेट १००० चे १००१ केले की दोघांचा ढीग एक होतो.

लग्नाचे फोटो, गाणी, सिनेमे यांसाठी एवढा खटाटोप कशाला, असे वाटणे रास्त आहे. तिथे ‘ऑल स्क्वॉश’ हा पर्याय बरा. या शेअरवर येणाऱ्या प्रत्येकाला सर्व्हर एकाच ठरावीक ‘घर’ नावाच्या युजरचा क्रमांक देतो. कोण कोण आहे हा प्रश्नच राहत नाही. पण हिशेबाची आणि जमिनीची कागदपत्रे त्या शेअरवर ठेवू नयेत.

विंडोज आणि मोबाइलचे काय?

विंडोज, मॅक आणि मोबाइलसाठी एसएमबी ही पद्धत सोयीची. लिनक्स सर्व्हरवर ती ‘सांबा’ या सॉफ्टवेअरने चालते. इथे सर्व्हर स्वतः नाव आणि पासवर्ड विचारतो, म्हणून लॅपटॉपवरील क्रमांकाला महत्त्व उरत नाही. मॅकचा ५०१ बदलण्याच्या भानगडीत पडण्यापेक्षा मॅकला एसएमबीने जोडणे शहाणपणाचे.

इथल्या तक्रारी वेगळ्या असतात. विंडोज उघडताना टाकतो तो चार आकडी पिन त्या यंत्रापुरता असतो. सर्व्हरला तो चालत नाही, सर्व्हरवरील खात्याचा पासवर्डच लागतो. सांबाची पासवर्डची यादीही लिनक्सच्या यादीपेक्षा निराळी असते. त्यामुळे एकीकडे पासवर्ड बदलला तरी दुसरीकडे जुनाच राहू शकतो. विंडोज एका वेळी एकाच सर्व्हरला दोन वेगवेगळ्या नावांनी जोडू देत नाही. वडिलांच्या नावाने हिशेबाचे फोल्डर उघडे असताना त्याच संगणकावर आईच्या नावाने दुसरे उघडायला गेले की १२१९ क्रमांकाची त्रुटी येते. २०२४ च्या अखेरीस आलेल्या विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीने प्रो संगणकांवर बिनपासवर्डचा ‘गेस्ट’ प्रवेशही मूळ सेटिंगमध्ये बंद केला. त्यामुळे अपडेटनंतर अचानक बंद पडलेले जुने शेअर अनेक आहेत. त्यावर विंडोजची ही खबरदारी काढून टाकण्यापेक्षा सर्व्हरवर रीतसर खाते उघडणे बरे.

एकच फोल्डर एनएफएस आणि सांबा अशा दोन्ही वाटांनी खुले असेल तर सांबाने लिहिलेल्या फाइलींवर सर्व्हरवरील खात्याचा क्रमांक पडतो आणि एनएफएसने लिहिलेल्यांवर लॅपटॉपचा. अशा घरात वरची एकच यादी पाळण्यावाचून पर्याय नाही.

‘सगळ्यांना सगळे खुले’ केले तर?

वैतागून बहुतेक जण हेच करतात. ७७७ ही परवानगी दिली की कुणीही वाचावे, लिहावे, पुसावे. त्या क्षणी प्रश्न सुटल्यासारखा वाटतो. पण खंडणीखोर सॉफ्टवेअर एका विंडोज संगणकात शिरले की त्याला लिहिता येईल ते प्रत्येक शेअर केलेले फोल्डरही ते कुलूपबंद करते. मे २०१७ मध्ये जगभर पसरलेल्या ‘वॉनाक्राय’ने शेअरिंगच्या या वाटा किती धोक्याच्या ठरू शकतात ते दाखवून दिले. परवानग्या नीट असतील तर नुकसान एका माणसाच्या फोल्डरपुरते राहते. ७७७ असेल तर वडिलांची उधारीची वही आणि सातबाऱ्याच्या प्रतीही त्यात जातात.

उलट्या बाजूचा धोका कमी दिसतो, पण तोही तितकाच खरा. रात्री आपोआप चालणारा बॅकअप चुकीच्या क्रमांकाने गेला तर सर्व्हर त्याला नकार देतो आणि ती नोंद कुणी न वाचणाऱ्या लॉगमध्ये पडून राहते. महिनोन् महिने बॅकअप होतच नसतो. म्हणून बॅकअपमधली मागच्या आठवड्यातील एखादी फाइल अधूनमधून उघडून पाहावी.

आणि एनएफएसमध्ये क्रमांक जुळले म्हणजे कुलूप लागले असे नाही. वायफायचा पासवर्ड मिळालेला कुणीही पाहुणा आपल्या लॅपटॉपवर १००१ क्रमांकाचे खाते उघडून वडील होऊ शकतो. शेअर फक्त ठरावीक आयपी पत्त्यांनाच खुला ठेवणे आणि पाहुण्यांना राउटरवरील वेगळे ‘गेस्ट’ वायफाय देणे, एवढे तरी करावे. ओळख खरोखर पडताळणारी ‘कर्बेरॉस’ ही यंत्रणा आहे. कार्यालयांत ती वापरतात, घरासाठी तिचा पसारा मोठा पडतो.

सर्व्हरच बंद पडला तर?

डिस्क काढून दुसऱ्या लिनक्स यंत्राला लावता येते, फाइली दिसतात. पण डिस्कसोबत येतात ते क्रमांक, नावे नाहीत. नव्या यंत्रावर १००१ क्रमांकावर जो असेल तो वडिलांच्या फाइलींचा मालक ठरतो. पेन ड्राइव्हवर किंवा विंडोजच्या डिस्कवर असते ती एक्सफॅट, एनटीएफएस या प्रकारची मांडणी असेल तर लिनक्सचे हे क्रमांक सहसा नोंदलेलेच नसतात आणि डिस्क जोडताना सांगू तो सगळ्यांचा मालक होतो. त्यामुळे घरच्या क्रमांकांची ती यादी सर्व्हरवर ठेवून भागत नाही. चार ओळींचा तो कागद घराच्या इतर कागदपत्रांबरोबर कपाटातल्या फाइलीत असावा.